गाडीच्या पोटातलं घड्याळ

जौहरी बाजारातल्या एका शेठजींकडून मला एक वाक्य येणं आहे. चार-पाच शब्दांचंच आहे. व्याज मी लावलेलं नाही, पण विसरलोही नाही.

मी मूळचा खानदेशातला. पंधरा वर्षं फौजेत ड्रायव्हर होतो आणि तीन टनी ट्रकपासून साहेबांच्या जीपपर्यंत सगळं हाकलं. शेवटचं पोस्टिंग जयपूरचं. सुटल्यावर गावी जाऊन भावांशी बांधावरून भांडत बसण्यापेक्षा इथेच राहायचं ठरवलं. भांडायचंच तर अनोळखी माणसांशी भांडावं, त्यातून निदान काही हाती लागतं. एका सरकारी खात्याने लिलावात काढलेली फुगीर पाठीची पांढरी गाडी घेतली. लिलावाला माझ्याशिवाय दोघेच आले होते. त्यांना मी आदल्या दिवशी चहाला नेलं आणि त्या इंजिनातून कसला आवाज येतो ते असं वर्णन करून सांगितलं, की ते दुसऱ्या दिवशी फिरकलेच नाहीत. इंजिन ठणठणीत होतं.

राहायला मालवीय नगरात दोन खोल्या होत्या. आसपास बँकेतली, विम्यातली, बदलीवर आलेली पाच-सहा मराठी घरं. त्यांची पोरं "आई, मतलब मला भूक लागली" असं बोलायची आणि आया कपाळाला हात लावायच्या. आमच्या शेजारी बँकेतल्या साहेबांचं घर होतं. त्यांच्या बायकोला सगळी कॉलनी बँकवाल्या वहिनी म्हणायची. आवाज मोठा, देह त्याहून मोठा, आणि गल्लीतला एकमेव कलर टीव्ही त्यांच्याकडे. म्हणजे राज्य त्यांचंच.

गाडी मी शेठजींकडे महिन्याच्या करारावर लावली. ते पाचू-माणकांचे व्यापारी होते. वरच्या मजल्यावर पेढी, पांढरी गादी, लोड, आणि खाली रस्त्यावर माझी गाडी. परदेशी गिऱ्हाईक आलं की त्याला हॉटेलातून आणायचं, आमेरचा किल्ला दाखवायचा आणि पेढीवर सोडायचं. सकाळी नऊ ते सात. उन्हाळ्यात एक ते चार सुट्टी, कारण त्या वेळात जौहरी बाजारात माशासुद्धा झोपतात. सुट्टीत गाडी माझ्याबरोबर घरी. गाडी माझी, डिझेल त्यांचं.

शेठजींची अट एकच होती. ह्या गाडीत दुसरी सवारी बसता कामा नये, सुट्टीतसुद्धा नाही. त्याला कारण होतं. गाडीतून माल जायचा, गिऱ्हाईकं गाडीत बसून मोकळेपणाने बोलायची, आणि दुसऱ्या पेढीचा एखादा दलाल मागच्या सीटवर बसून माझ्याशी दोन गोड शब्द बोलला तर कोणतं गिऱ्हाईक कुठे उतरलंय ते तासाभरात बाजारभर झालं असतं. मी अट मान्य केली आणि शेवटी माझी अट टाकली. दर शनिवारी गाडीचं धुणं आणि ग्रीसिंग त्यांच्या खर्चाने, त्यांच्या मिस्त्रीकडे.

शेठजींनी पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठीक है, फौजी."

एका दमात. ज्या माणसाने माझा चहाचा कप अर्धा की अख्खा ह्यावरून दहा मिनिटं वाद घातला होता, त्याने फुकटचं धुणं एका दमात दिलं. तिथेच मला कळायला हवं होतं. पण मी घरी येऊन बायकोला सांगितलं, "शेठजीला कापला आज." ती म्हणाली, "कापलं की नाही ते रक्त कुणाचं निघतं त्यावरून ठरतं." तिला माझं कौतुक करायची सवय पहिल्यापासून नव्हती.

एप्रिलमध्ये शेवयांचा आठवडा आला. आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षभराच्या शेवया करून ठेवतात, आणि बायकोने लग्नात मिळालेलं शेवयांचं मशीन प्रत्येक पोस्टिंगला ट्रंकेतून वाहिलेलं होतं. पितळी साचा, लोखंडी दांडा आणि खाली घट्ट पकडायला स्क्रू. गावी ते लाकडी बाजेच्या कडेला आवळतात, बाजेवर वजनाला एक म्हातारी बसवतात आणि दांडा फिरवतात. जयपुरात ऊन असं की शेवया बघता बघता काडीसारख्या वाळतात. अडचण एकच होती, मशीन आवळायला काही नव्हतं. आमची बाज लोखंडी नळीची, त्यावर स्क्रू सरकायचा. बँकवाल्या वहिनींचं जेवणाचं टेबल बँकेचं होतं. बदलीच्या वेळी बँकेचा माणूस येऊन त्याचे ओरखडे मोजायचा. घरमालकाच्या ओट्याला हात लावला तर तो भाड्याचा विषय काढायचा.

मी दुपारी जेवून बाहेर आलो तेव्हा मशीन माझ्या गाडीच्या मागच्या बंपरला आवळलेलं होतं. खाली गोणपाटाची घडी होती, एवढी लाज त्यांनी ठेवली होती. डिकी उघडी, डिकीत बँकवाल्या वहिनी पाय बाहेर सोडून बसलेल्या, मांडीवर कणकेची परात. बायको दांडा फिरवत होती. दर फेऱ्याला माझी गाडी पाळण्यासारखी हलत होती.

"खाली उतरा," मी म्हणालो.

"भाऊजी, मी उतरले तर गाडी उचलली जाईल," वहिनी म्हणाल्या. "माझ्या वजनावर चाललंय सगळं."

"ह्या गाडीत साहेब लोक बसतात."

"मग मी कोण? आणि मी सीटवर कुठे बसलेय? डिकी म्हणजे गाडी नव्हे."

हा मुद्दा मला तेव्हा बिनतोड वाटला, कारण कराराची भाषा मला पाठ होती आणि त्यात डिकीचा उल्लेख नव्हता. मी आत जाऊन आडवा झालो. सोमवार ते गुरुवार, चार दुपारी, सव्वा ते पावणेचार गाडी कडूनिंबाखाली उभी राहून हलत होती आणि मी घोरत होतो. चार घरांच्या शेवया झाल्या. शुक्रवारी मी डिकीतलं पीठ झाडलं, शनिवारी गाडी मिस्त्रीकडे धुवायला दिली, आणि विषय माझ्यापुरता संपला.

पुढच्या सोमवारी शेठजींनी वर बोलावलं. गादीवर चार दलाल बसलेले होते, कोपऱ्यात मुनीम. आमचं सगळं बोलणं हिंदीत झालं. इथे ते मराठीत देतो, एक तर वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी, आणि दुसरं म्हणजे माझ्या हिंदीतले काही शब्द फौजेतून आलेले आहेत.

"फौजी, गेल्या आठवड्यात दुपारी गाडी कुठे होती?"

"घरी."

"सोमवारी सव्वा वाजता सुटली, पावणेचारपर्यंत चालत होती. मंगळवारी तसंच. बुधवारी मध्ये पाच मिनिटं थांबली. गुरुवारी तसंच. अडीच तासांत माणूस चौमूंला जाऊन निवांत परत येतो. चौमूंला कुणाला नेत होतास?"

मला आधी हसू आलं. बुधवारी पाच मिनिटं दांडा थांबला होता, कारण वहिनींच्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

"मीटर बघा," मी म्हणालो. "घर ते पेढी, पेढी ते घर. एक मैल जास्त निघाला तर गाडी तुमची."

"मीटरची केबल कशी काढतात ते मला ठाऊक आहे, आणि तुलाही ठाऊक आहे."

इथे खरं सांगतो. मला ठाऊक होतं. फौजेतून सुटल्यावर पहिल्या वर्षी एका ठेकेदाराच्या गाडीवर होतो, तेव्हा बहिणीला स्टेशनवरून आणायला मी एकदा ती केबल काढली होती. एकदाच. पण शेठजींनी नेमकं ते म्हटल्यावर माझा चेहरा बदलला असणार, आणि रत्नांचा व्यापारी चेहरा वाचूनच जेवतो. दलालांनी एकमेकांकडे पाहिलं.

खरं तर तेव्हाच सांगायचं होतं, शेठजी, शेवया होत्या. सगळे हसले असते आणि चहा आला असता. पण चार माणसांसमोर मला चोर ठरवून झालं होतं, आणि माझ्या जेवणाच्या वेळेत माझी गाडी माझ्या दारात काय करते हे मी ह्याला का सांगायचं? डोकं तापलं की माझी वाचा एकदम स्वच्छ होते. मी म्हणालो, "गाडी माझी, दुपार माझी. सांगत नाही." आणि चावी गादीवर आपटली. मग लक्षात आलं की चावी माझ्याच गाडीची आहे. वाकून उचलली. त्या वाकण्याचा राग मला अजून आहे.

शेठजी शांतपणे म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत विचार कर. नाही सांगितलंस तर करार संपला. मी बाजारात कुणाला काही बोलणार नाही."

जौहरी बाजारात ह्याचा अर्थ सगळ्यांना सांगून झालं असा होतो. दोन दिवसांत फरक दिसला. गल्लीच्या तोंडाशी जे दलाल मला "राम राम फौजी" म्हणायचे, ते माझ्या गाडीजवळ आले की बोलणं थांबवायचे. माझ्यासारख्या माणसाची सगळी कमाई म्हणजे, हा ऐकतो आणि विसरतो, एवढीच ख्याती. ती गेली की त्या बाजारात माझ्या गाडीत कुणी टोपलंसुद्धा ठेवलं नसतं, आणि गाडी विकून भावांचा बांध गाठावा लागला असता.

म्हणून मी खबऱ्या शोधायला लागलो. पहिला संशय घरमालकावर, मग कोपऱ्यावरच्या पानवाल्यावर. पानवाल्याला मी असं उलटसुलट विचारलं की त्याने मला तीन दिवस चुना जास्त लावलेलं पान दिलं. मग आडवं पडून डोकं थंड केलं आणि नीट विचार केला. खबर विचित्र होती. वेळ मिनिटासकट बरोबर, आणि बाकी सगळं चूक. माणूस पाळत ठेवतो तेव्हा नेमकं उलटं होतं. तो म्हणतो, दुपारी केव्हातरी दोन बायका डिकीत काहीतरी करत होत्या. माणूस वेळ चुकवतो, बायका चुकवत नाही. ज्याला वेळ कळते पण बायका दिसत नाहीत, असा खबऱ्या म्हणजे घड्याळ.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी मी गाडी कडूनिंबाखाली लावली, शर्ट काढला आणि फौजेत शिकवलं होतं तशी गाडी उघडायला घेतली. बॉनेटखाली काही नाही, डॅशबोर्डमागे काही नाही. मागच्या सीटची पाठ काढली. तिच्यामागे, लोखंडी पट्टीला चार बोल्टांनी आवळलेला, काळा गोल डबा. बिगुलाच्या तोंडाएवढा. कान लावला तर टिकटिक.

त्या वर्षांत बेवारस वस्तूला हात लावू नका असं रेडिओ रोज सांगायचा. बायकोने दारातून पाहिलं आणि पोरांना शेजारी पिटाळलं. बँकवाल्या वहिनी मात्र उलट्या आमच्याच दारात आल्या.

"काय आहे भाऊजी?"

"मागे व्हा. टिकटिक करतंय."

"मग घड्याळ असेल. उघडा की."

डब्याला किल्लीचं भोक होतं, विलायती अक्षरं होती. बारीक पेचकसाने ते उघडायला मला पाच मिनिटं लागली. आत घड्याळाचं यंत्र, त्यावर मेण लावलेला एक गोल कागद, कडेने वार आणि तास छापलेले. एक लोंबती सुई कागदावर टेकलेली. गाडी उभी असेल तेव्हा बारीक रेघ, गाडी हलली की सुई थरथरायची आणि जाड पट्टा उमटायचा. चावी दिली की सात दिवस चालणार. किती मैल, कुठे, कोण बसलं, ह्यातलं त्याला काहीच कळत नव्हतं. हललं की चाललं, एवढीच त्याची अक्कल. मी डबा हातात धरून हलवला आणि त्या घडीला, कडूनिंबाखाली, गुरुवारी दुपारी, माझी सीट नसलेली गाडी कागदावर चालायला लागली.

"म्हणजे आमच्या शेवया," बायको म्हणाली.

"शेठजीच्या हिशोबाने तुम्ही दोघी चार वेळा चौमूंला जाऊन आलात."

"कुठेतरी नेलंत म्हणायचं एकदाचं," ती म्हणाली.

वहिनी एवढ्या हसल्या की त्यांना वेताच्या मुढ्यावर बसवावं लागलं. मला हसू येत नव्हतं. शनिवारी गाडी मिस्त्रीकडे जायची ती धुवायला नव्हे, कागद बदलायला. मी ज्याला फुकटचं धुणं समजून मिशीला पीळ भरला होता, त्या धुण्याच्या वाटेने शेठजी माझ्या गाडीच्या पोटात हात घालत होते. गाडी माझ्या नावावर, बोल्ट माझ्या पट्टीला, आणि आत बसलेला हेर त्यांचा. त्यांनी तोंडावर सांगितलं असतं, फौजी, एक यंत्र लावतो, तर मी भाव केला असता, पण लावू दिलं असतं.

बायको अजून कागदाकडे बघत होती. आठवीपर्यंत शिकलेली, पण रकाने तिला माझ्यापेक्षा चांगले कळतात. तिने बोट ठेवलं.

"हे काय? रोज सकाळी साडेआठला गाडी थांबलीय. दहा मिनिटं."

"सिग्नल असेल."

"दहा मिनिटांचा? सोमवार, मंगळवार, बुधवार, आज. रविवारी नाही. रविवारी सिग्नल बंद असतो का?"

सांगानेरी दरवाज्याच्या अलीकडे एक कचोरीवाला होता. कांद्याची कचोरी, वरून आंबट-गोड चटणी. मिलिटरी हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी माझं पोट दाबून तळलेलं बंद केलं होतं आणि मी बायकोच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. त्याला आठ महिने झाले होते. आठ महिने मी रुमालाने मिशी पुसून घरी येत होतो. फौजेतल्या कुणालाही विचारा, माझ्यासारखी गुप्तता राखणारा माणूस त्यांच्या कंपनीत नव्हता. आणि ह्या मुक्या डब्याने पाच मिनिटांत मला उघडं पाडलं. शेठजीला जेवढं खोटं सांगितलं, तेवढंच हिला खरं सांगितलं.

"कचोरी," मी म्हणालो.

"किती?"

"दोन."

संध्याकाळी जेवायला दुधीची भाजी होती, पुढचे कितीतरी दिवस दुधीच होती.

तिचं म्हणणं होतं, शेठजींकडे जा, डबा समोर ठेवा, शेवयांचं सांगा आणि मोकळे व्हा. "खरं आहे ते सांगायला लाज कसली?"

"लाज नाही. पण त्याने चोरून बघितलं आणि मी उघडून सांगायचं, हा कुठला सौदा? ह्याने सवय लागते. आज दुपारचं विचारलं, उद्या साडेआठचं विचारेल."

"साडेआठचं मी विचारलंय," ती म्हणाली.

मी डबा परत होता तसा आवळला. शनिवारी मिस्त्रीने शेठजींना कागद पोचवला, नवा घातला. शनिवारी संध्याकाळी मी डबा काढला आणि घरात नेला. आमच्या खिडकीत खसाचा, म्हणजे वाळ्याच्या ताट्यांचा, कूलर होता. मी स्वतः पत्रे जोडून केलेला, त्यामुळे तो असा थरथरायचा की त्याच्यावर ठेवलेला पेला आपोआप कडेपर्यंत चालत जायचा. त्याच्या डोक्यावर मी डबा सुतळीने बांधला आणि बायकोला सांगितलं, "आठवडाभर कूलर बंद करायचा नाही. दिवसा नाही, रात्री नाही."

"बिल?"

"शेठजीला जे वाटायचं ते वाटू दे. बिल मी बघतो."

तो आठवडा आम्ही घोंगडी पांघरून झोपलो. वैशाखात, जयपुरात. पोरांना सर्दी झाली. वीज दोनदा गेली तेवढंच काय ते ऊबदार वाटलं. संशय आल्यापासून शेठजी गिऱ्हाईकं दुसऱ्या गाडीने आणत होते, म्हणून मी रोज नऊला पेढीखाली गाडी लावायचो आणि शेठजींच्या खिडकीच्या बरोबर खाली, त्यांना दिसेल असा, बॉनेटला टेकून उभा राहायचो. पुढच्या शनिवारी सकाळी डबा परत गाडीत गेला, मिस्त्रीकडून कागद शेठजींकडे गेला, आणि त्याच संध्याकाळी डबा मी कायमचा काढून घरात नेला. मिस्त्रीला विचारलं तेव्हा तो बापडा म्हणाला, "मला तर सांगितलं होतं की फौजींना माहीत आहे." त्याच्यावर माझा राग नाही.

सोमवारी वरून बोलावणं आलं. मी एक पिशवी घेऊन गेलो. गादीवर तेच चार दलाल होते, मुनीम होता. मी मुद्दाम अकराची वेळ साधली होती, तेव्हा पेढी भरलेली असते. शेठजींच्या गुडघ्याखाली कागदाची गोल कड दिसत होती.

"फौजी, गाडी ठीक आहे ना?" शेठजी म्हणाले. आवाज मऊ होता.

"ठीक आहे. का?"

"नाही, म्हणजे गेला आठवडाभर ती..." आणि ते थांबले. पुढे काय म्हणणार? आठवडाभर, सात दिवस सात रात्री, गाडी एकदाही न थांबता चालत होती, दोन ठिकाणी तेवढा विसावा? ती दिवसभर त्यांच्याच खिडकीखाली उभी होती आणि मी तिला टेकलेला होतो.

"आठवडाभर काय, शेठजी?"

"काही नाही."

"नाही, बोला. चालत होती का? चौमूंच्या पुढे गेली का? सात दिवस न थांबता चालली तर आतापर्यंत विलायतेला पोचायला हवी. तुम्हाला कुणी सांगितलं ते सांगा, मी त्यालाच विचारतो."

दलाल आता लोड सोडून पुढे झुकले होते. त्यांना काही कळत नव्हतं, पण भाव कुणीकडे चाललाय हे त्यांना वासावरून कळतं. मी पिशवी गादीवर ठेवली. "घरच्या शेवया. बायकोने चार दुपारी बसून केल्या, सव्वा ते पावणेचार. मशीन आमच्या गाडीच्या बंपरला आवळलं होतं. गाडी खूप हलली."

शेठजींनी पिशवीकडे पाहिलं. मग गुडघ्याखालच्या कागदाकडे. हुशार माणूस, एका क्षणात त्यांना सगळं उलगडलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मग त्यांनी खांद्यावरचं पांढरं उपरणं काढलं, माझ्या हातावर टाकलं आणि त्याच्याखाली माझा हात धरला.

जौहरी बाजारात मोठे सौदे असेच होतात. दोन माणसं कापडाखाली हात घालतात, बोटं दाबून भाव सांगतात, आणि शेजारी बसलेल्याला पत्ता लागत नाही. पेढीवर लागल्यापासून मी ते बघत होतो. ड्रायव्हरचा हात कापडाखाली कधी गेल्याचं मी पाहिलं नव्हतं. हा मान होता, हे मला कळलं. आणि तो मान का मिळतोय तेही कळलं. चोर म्हणाले ते गादीवर, मोठ्याने. आता जे काही म्हणायचं ते कापडाखाली.

त्यांनी माझी दोन बोटं दाबली. म्हणजे करार दोन वर्षं पुढे. मी बोटं काढून घेतली. त्यांनी तीन दाबली. मी परत काढून घेतली. त्यांनी माझ्या डोळ्यात पाहिलं, मी त्यांच्या. राग बाजूला ठेवून सांगतो, त्या क्षणी मला तो माणूस आवडला. मग त्यांनी बोटं सोडली, माझा अख्खा पंजा धरला आणि घट्ट दाबला. ह्याचा कुठलाही भाव होत नाही. ती माफी होती. खरी होती, मनापासून होती, आणि एका माणसालाही दिसणार नव्हती.

खाली गल्लीत मला चोर समजणारे तसेच चोर समजत राहिले असते.

हात कापडाखालीच ठेवून मी मोठ्याने म्हणालो, "अहो शेठजी, एवढी माफी कशाला मागता? चूक माणसाकडून होते. मी मनात काही ठेवलेलं नाही."

मुनीमाची लेखणी थांबली. शेठजींच्या हाताची पकड क्षणभर एवढी आवळली की माझी अंगठी बोटात रुतली. ते नाही म्हणू शकत नव्हते. नाही म्हटलं की प्रश्न आला असता, मग कापडाखाली कशाचा सौदा चालला होता? ड्रायव्हरशी? त्यांनी उपरणं काढलं, झटकलं, खांद्यावर घेतलं.

"चाय लाओ," ते मुनीमाला म्हणाले. "फौजीला अख्खा कप."

जिन्यावर उतरेपर्यंत एका दलालाने मला गाठून "राम राम फौजी" केलं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की शेठजींनी ड्रायव्हरची भर पेढीवर माफी मागितली. माझी गाडी पुढे त्या बाजारात सहा वर्षं चालली आणि माझ्याकडे कुणी पुन्हा तसं पाहिलं नाही. फुकटचं धुणं मी त्याच दिवशी करारातून काढायला लावलं. गाडी मी स्वतः धुवायला लागलो.

लोक म्हणतात, मग तक्रार कसली, तू तर जिंकलास. तक्रार ही, की माफी माझ्या तोंडून आली. त्यांच्या तोंडून एक शब्द नाही. भर गादीवर "कुणाला नेत होतास" म्हणायला ज्याला जीभ होती, त्याला भर गादीवर "चुकलो" म्हणायला बोटं लागली. ही गोष्ट मी त्या गल्लीत जाता-येता रोज आठवायचो, आणि आठवल्यावर गाडीचा दरवाजा जरा जोरात लावायचो.

आणि डबा? तो विलायती होता, त्यांनी तिकडून स्वतः आणलेला, स्वस्त नसणार. पण तो परत मागायचा तर आधी कबूल करावं लागतं की तो माझ्या गाडीत होता, त्यांनीच लावला होता, मला न विचारता. एकदा विमानतळाकडे जाताना ते मागच्या सीटवर बसले होते. त्यांनी पाठ जरा मागे दाबून पाहिली. आरशात मला दिसलं. आत पोकळ आवाज आला.

"फौजी," ते म्हणाले, "ते..."

मी गाडीचा वेग कमी केला. अगदी बैलगाडीएवढा केला. मी वाट पाहत होतो, देवाशपथ.

"काही नाही," ते म्हणाले. "चल, विमान सुटेल."

डबा आमच्या कपाटात आहे, शेवयांच्या मशीनशेजारी. बायको वर्षातून एकदा मशीन काढते तेव्हा तो पुसते आणि मला ऐकू जाईल असं म्हणते, चालू आहे की नाही बघावं का एकदा. मी तेल घालून ठेवलाय, चावी दिली तर सुटेल. शेठजींनी केव्हाही यावं, जे झालं ते त्यांच्या तोंडाने सांगावं आणि घेऊन जावं. माझा भाव तेवढाच आहे. त्यात एक शब्दही कमी होणार नाही.